कॅमेरा पाहतो, मोहल्ला ओळखतो

शहर सुरक्षित करायचे म्हटले की सरकारला कॅमेरे, नाकाबंदी आणि आमच्या वस्त्यांतले कोम्बिंग ऑपरेशन एवढेच सुचते. भिवंडीचा धडा मात्र कुणी गिरवत नाही.

१९७० आणि १९८४ च्या दंगलींत हे यंत्रमागांचे शहर होरपळले. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

पण अधिकारी बदलतात. कमिट्यांना कायद्याचा आधार नव्हता. ५ जुलै २००६ रोजी त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोघे मेले, जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. या हत्यांचे समर्थन कोणताही इमानदार माणूस करणार नाही.

ढाणकीत बसून मी हे का लिहितो? माझ्या वर्गातली पोरे उद्या रोजीरोटीसाठी अशाच शहरांत जाणार आहेत. मोहल्ला कमिटी साहेबांच्या मर्जीवर नको, कायद्यात हवी. आणि आम्हीही ठाण्याची पायरी केवळ जामिनासाठी चढण्याची सवय सोडली पाहिजे.