विश्लेषण : वैनगंगेच्या मासळीची तपासणी ‘डीएनए जेल’ करील?

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगेला मिळते आणि गोसेखुर्द जलाशयात साचते. भंडारा जिल्ह्यात याच पाण्यातली मासळी बाजारात येते. ती खाण्याजोगी आहे का, हे ग्राहकाला कळत नाही आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. चाचणीअभावी नुकसान दोघांचेही होते. खाणाऱ्याला धोका समजत नाही आणि अफवा पसरली, की चांगली मासळीही पडून राहते.

डीएनए जेल म्हणजे काय?
डीएनएच्या साखळीत ए, टी, जी, सी ही चार अक्षरे असतात. एरवी ‘टी’ची जोडी ‘ए’शी जमते, पण पाण्यात विरघळलेला पारा दोन ‘टी’ना एकत्र बांधतो. २०१० मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी भरपूर ‘टी’ असलेली साखळी पारदर्शक जेलमध्ये बसवली. पारा आला की साखळी दुमडते आणि त्यातील रंगद्रव्य पिवळ्याऐवजी हिरवे चमकते. हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

मर्यादा कोणत्या?
हे जेल पाण्यातील लिटरमागे सुमारे २ मायक्रोग्रॅम पारा दाखवते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा मात्र १ मायक्रोग्रॅम आहे. शिवाय माशाच्या मांसातला पारा मुख्यतः मिथाइल मर्क्युरीच्या रूपात असतो. तो शोधण्यासाठी आधी नमुन्यावर प्रक्रिया करावी लागते. सांडपाण्यातील जिवाणूंसाठी तर वेगळीच डीएनए साखळी हवी. ई-कोलाय ओळखणारी अशी फिल्म कॅनडातीलच मॅकमास्टर विद्यापीठाने २०१८ मध्ये तयार केली.

कायदा काय सांगतो?
अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवसांची मुदत आहे. ताजी मासळी तर त्याच दिवशी शिजते. कलम ४० नुसार ग्राहकही शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो. दोष आढळल्यास शुल्क परत मिळते.

मग करायचे काय?
जेलकडे पहिली चाळण म्हणून पाहावे. रंग बदलला तर नमुना प्रयोगशाळेत जावा. कारवाई मात्र प्रयोगशाळेच्या अहवालावरच व्हावी. अन्न व औषध प्रशासन आणि मत्स्यव्यवसाय विभागाने अशा चाचण्यांचा प्रयोग भंडाऱ्यात करून पाहावा आणि निष्कर्ष बाजारातच लावावेत. अर्थात, चाचणीने नदी स्वच्छ होत नाही. त्यासाठी सांडपाणी नागपुरातच शुद्ध व्हायला हवे. जेलचा रंग बदलला म्हणून मासेमाराला दोषी धरू नये. ते सांडपाणी त्याने सोडलेले नाही.