शिबिरं पुरे, आता गट हवेत

अम्मीला शुगर होऊन अकरा वर्षं झाली. गेल्या रमजानच्या आधी मी तिला मोहल्ल्याजवळच्या दवाखान्यात नेलं. बाहेर दीड तास बसलो, आत तीन मिनिटं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, एक गोळी वाढवली आणि मान वर न करता म्हणाले, "रोजे ठेवू नका." अम्मी "जी" म्हणाली. बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मीच दिली. तिच्या मनात काय आहे, हे डॉक्टरांना कळलं नाही आणि मलाही नाही.

तिने रोजे ठेवले. सकाळची गोळी आपल्याच हिशोबाने सहरीला घ्यायला लागली. नवव्या रोजाला असरच्या वेळी तिचे हात थरथरू लागले, कपडे घामाने भिजले. मशीनवर शुगर ५८ आली. तरीही "मगरिबला दीड तासच तर राहिलाय" म्हणून ती रोजा सोडायला तयार नव्हती. शेवटी शेजारच्या खालाने साखरेचं पाणी जबरदस्तीने पाजलं. मग गोष्टी बाहेर आल्या. खाला रमजानमध्ये सकाळची गोळी घेतच नाही. समोरच्या चाची अर्धी घेतात. आमच्या एका गल्लीत चार बायका, चार हिशोब, आणि यातला एकही डॉक्टरांना ठाऊक नाही.

ही फक्त आमच्या गल्लीची गोष्ट नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एपिडायर या अभ्यासात १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची माहिती घेतली होती. टाईप टू मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते आणि रमजानमध्ये शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण बरंच वाढलं होतं. म्हणजे "ठेवू नका" एवढं सांगून लोक थांबत नाहीत. आजारी माणसाला कुरआननेच सूट दिली आहे, हे अम्मीलाही माहीत आहे. पण आपण त्या सवलतीत बसतो का, हे तिच्याशी बसून कुणी बोललेलंच नाही. तीन मिनिटांत ते होणारही नाही.

आता आपण काय करतो ते पाहू. आपल्या संघटना शिबिरं भरवतात. मंडप, बॅनर, पाहुणे, मोफत शुगर तपासणी, फोटो. मीही अशा शिबिरांत रजिस्टर घेऊन बसले आहे. ज्याची शुगर ३०० निघते त्याला आपण "डॉक्टरांना दाखवा" असं सांगतो आणि पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा रांगेत दिसतो. मधुमेह एका दिवसात सापडतो, पण सांभाळावा लागतो आयुष्यभर. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांना एकेकटं बसवून समजावण्याइतका वेळ कुठल्याच डॉक्टरकडे नाही.

यावर एक साधी पद्धत आहे: गटभेट. एकाच आजाराचे आठ-दहा रुग्ण ठरलेल्या दिवशी एकत्र येतात. नर्स वजन, रक्तदाब, शुगर आणि पाय तपासते. मग सगळे गोल बसतात. डॉक्टर एकेकाचा रिपोर्ट घेऊन त्याच्याशी बोलतात, गोळी बदलायची तर बदलतात आणि बाकीचे ऐकतात, विचारतात, स्वतःचा अनुभव सांगतात. शेवटी ज्याला एकांतात बोलायचंय त्याला वेगळी पाच मिनिटं. हिशोब करून बघा: दहा जणांना नऊ-नऊ मिनिटं दिली तर दीड तास होतो. डॉक्टरांचा वेळ तेवढाच, पण प्रत्येक रुग्णाला नऊ मिनिटांऐवजी दीड तास मिळतो. हे व्याख्यान नाही, हीच तपासणी आहे.

इटलीत ट्यूरिनला मरीना ट्रेंटो आणि सहकाऱ्यांनी ११२ रुग्णांवर हे पाच वर्षं करून पाहिलं. एकेकटे तपासले जाणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर हळूहळू वाढत गेली, गटातल्यांची वाढली नाही. ते रुग्णालयातलं केंद्र होतं आणि इटली म्हणजे भारत नव्हे, हे मान्य. पण पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या १००० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. पाच-पाच जणांच्या गटात तपासलेले रुग्ण अधिक समाधानी होते, त्यांना आजाराची माहिती जास्त होती आणि ते औषधंही अधिक नियमित घेत होते. आपल्या लोकांना चारचौघांत बोलायला आवडणार नाही, हा समज तिथे खरा ठरला नाही.

तरी एक भीती खरी आहे. मोहल्ल्यात गोष्ट राहत नाही. शुगर असलेल्या मुलीचं लग्न जमत नाही, म्हणून आईबाप तिचं इंजेक्शनसुद्धा लपवतात. म्हणून गट ऐच्छिकच हवा. बायकांचा वेगळा गट हवा. इथली गोष्ट इथेच राहील, हा शब्द पहिल्या दिवशी सगळ्यांनी द्यायला हवा. ज्यांना नको त्यांची तपासणी नेहमीसारखी व्हावी. गरोदर बाई, किडनी बिघडलेला रुग्ण, यांना स्वतंत्र वेळ लागतोच. आणि दवाखान्यात गोळ्याच नसतील तर गट त्या आणून देणार नाही. मात्र एकटी अम्मी गोळ्या नाहीत म्हणून गुपचूप परत येते. दहा जणी परत येणार नाहीत, त्या विचारतील.

दुसरी गोष्ट, हा गट फक्त आपला नसावा. आमच्या दवाखान्यात शेजारच्या वस्तीतल्या बायकाही येतात. नवरात्रात नऊ दिवस उपास आणि ताटात साबुदाणा, गोळीचं काय करायचं, हा त्यांचाही प्रश्न आहेच. एका वर्तुळात बसून हे बोललं गेलं तर शुगरपलीकडेही काही तरी साधेल.

तरुणांनी काय करावं? मधुमेहींनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांशी बोलावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे रजब महिन्यात. तेव्हा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, आपला दवाखान्यात किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे जा. त्यांच्याकडे दीड तास मागा आणि दहा रुग्ण तुम्ही आणा. खुर्च्या मांडा, फोन करा, रजिस्टर ठेवा. कुणी रोजा ठेवू नये, कुणाची गोळी कधी घ्यावी, हे डॉक्टर ठरवतील. शुगर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, आणि बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात, एवढ्या दोन गोष्टी जरी दहा जणींनी एकत्र ऐकल्या तरी खूप झालं. मग तीन महिन्यांनी पुन्हा तेच लोक, तीच जागा.

बॅनर लागणार नाही, पाहुणे येणार नाहीत, फोटो तर काढायचाच नाही. म्हणूनच हे काम शिबिरापेक्षा अवघड आहे. यंदा रजबमध्ये मी अम्मीला घेऊन जाणार आहे, खाला आणि चाचींनाही. आणि उत्तरं त्यांची त्यांना देऊ देणार आहे.