आपल्या मापाचे इंजिन

अक्कलकुव्याला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्टेशन म्हणजे नंदुरबार, आणि ते एसटीने गाठायचे तर तळोद्यावरून दीड तास सहज मोडतो. पलीकडच्या डोंगरात, मोलगीच्या बाजूला, आगगाडीत एकदाही न बसलेली म्हातारी माणसे आजही भेटतात. अशा गावात राहून मी रेल्वे इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती जमवतो हे कळले की लोक पहिला प्रश्न विचारतात, "नातवासाठी का?" दुसरा प्रश्न किमतीचा असतो. किंमत सांगितली की तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. फक्त आमच्या सौभाग्यवतींकडे सहानुभूतीने पाहतात.

खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक आहे, आणि तो किमतीचा नाही. जत्रेतले पत्र्याचे इंजिन कुठल्याही इंजिनासारखे नसते. ते 'इंजिन' या कल्पनेसारखे असते. प्रतिकृती मात्र एका विशिष्ट इंजिनाची असते. ते कोणत्या वर्गाचे, त्याचा क्रमांक काय, कोणत्या साली कोणत्या रंगात धावत होते, हे सारे तिच्यावर वाचता आले पाहिजे. जगभर सर्वाधिक चालणारे माप सत्त्याऐंशीत एकाचे. म्हणजे आपले सुमारे सतरा मीटर लांबीचे डिझेल इंजिन या मापात वीतभराहून थोडे कमी भरते. तेवढ्या लांबीत चढायच्या पायऱ्या, हाताने धरायच्या दांड्या, जाळ्या, भोंगे, दिवे, सगळे जिथल्या तिथे. भिंग घेऊन बसावे लागते. बँकेत सह्या पडताळताना लागलेली सवय निवृत्तीनंतर अशी कामाला आली.

या छंदाची खरी खोली मला दाखवली ती आयर्लंडने. एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा डब्लिनला नोकरीला आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी त्याने तिकडचे एक इंजिन आणून दिले. 'मर्फी मॉडेल्स' या डब्लिनच्या व्यवसायाने काढलेले, आयरिश रेल्वेच्या २०१ वर्गाचे. हा वर्ग जनरल मोटर्सने १९९४-९५ साली कॅनडात बांधला. त्यातले पहिले, शंभर टनांहून जड इंजिन अँटोनोव्ह जातीच्या अवाढव्य विमानात घालून डब्लिनला उतरवले गेले होते! या इंजिनांना आयर्लंडमधल्या नद्यांची नावे आहेत, आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. माझ्या हातातल्या वीतभर इंजिनावरही ती नावाची पाटी होती, आणि भिंगाखाली चक्क वाचता येत होती.

मग मी या आयरिश छंदिष्टांच्या मागे लागलो. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या साधारण तिप्पट. पण त्यांच्याकडे 'ए' वर्गाची साठ डिझेल इंजिने १९५५ नंतर मँचेस्टरहून आली, त्यांची मूळ क्रॉसली यंत्रे सतत रुसायची म्हणून १९६८ ते ७१ या काळात ती काढून जनरल मोटर्सची बसवली, आधी रुपेरी, मग हिरवा, मग काळा, मग काळा-नारिंगी असे रंग बदलत गेले, हा सारा इतिहास तिथल्या शिक्षकांना, टपालखात्यातल्या माणसांना तोंडपाठ असतो. प्रतिकृती काढणारेही तितकेच काटेकोर. यंत्र बदलण्यापूर्वीचे इंजिन वेगळे, नंतरचे वेगळे. एखादी जाळी चुकली तर गिऱ्हाईक कान धरते.

याची मुळे जुनी आहेत. डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात सिरिल फ्राय नावाचा एक नकाशे काढणारा होता. मूळ आराखडे समोर असल्यामुळे त्याने घरी बसून आयरिश रेल्वेची इंजिने, डबे, ट्राम बारकाईने घडवल्या. तो गेल्यावर त्याचा संग्रह मालाहाइडच्या किल्ल्यात मांडला गेला आणि २०२० साली त्याच गावात त्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. त्यातली कित्येक मूळ इंजिने केव्हाच भंगारात वितळली. फ्रायची मात्र आहेत.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण ती आपल्यालाही लागू आहे. जगातल्या बहुतेक रेल्वेंच्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागले की साडेसोळा येतात, म्हणून बाजारात मिळणारे छोटे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आयर्लंडचे अंतर मात्र १६०० मिलिमीटर. १८४६ च्या कायद्याने ते ठरले आणि तिथे तसेच राहिले. तिकडच्या प्रतिकृती शहात्तरात एक या मापाच्या असतात; हिशेबाने त्यांना एकवीस मिलिमीटरचे रूळ हवेत. तरी त्या साडेसोळावरच धावतात, बिचाऱ्या पाय आखडून. काही हट्टी लोक तेवढ्यासाठी स्वतःच्या हाताने एकवीस मिलिमीटरचे रूळ अंथरतात. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. सत्त्याऐंशीने भागा, सव्वाएकोणीस. म्हणजे भारतीय इंजिन साडेसोळाच्या रुळावर उभे केले की तेही पाय आखडूनच उभे राहणार. दुखणे दोघांचे एकच. त्यांनी ते सोसून आपली इंजिने घडवली. आपण ते निमित्त करून हात वर केले, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हौस नाही असे मात्र कुणी म्हणू नये. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले, आणि त्यांच्या घरच्यांनी ते निगुतीने चालू ठेवले आहे. सिग्नल पडतात, सांधे बदलतात, गाडीमागून गाडी सुटते. मुलांपेक्षा त्यांच्या आजोबांचेच डोळे जास्त विस्फारलेले दिसतात. तिथल्या गाड्यांचा थाट मुख्यतः युरोप-अमेरिकेचा. ते साहजिक आहे. छंदिष्टाला मिळेल त्यातूनच जग मांडावे लागते, आणि मिळते ते जर्मन किंवा अमेरिकन. मुंबई-पुण्यातल्या ज्या चार-दोन संग्राहकांची कपाटे मी पाहिली, त्यांत स्विस 'क्रोकोडाइल' हमखास असते. घाटात मालगाड्या ओढणारे आपले 'खेकडा' इंजिन, १९२८ नंतर त्याच धाटणीने बांधलेले आणि त्यातले काही थेट स्वित्झर्लंडहून आलेले, ते मात्र मी एकाही कपाटात पाहिले नाही. ज्या घरातल्या आजोबांनी खंडाळ्याच्या घाटात ते डोळ्यांनी पाहिले, त्याच घरात मगर आहे आणि खेकडा नाही.

बार्शीचे उदाहरण तर अधिकच बोलके. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे उभारली. १८९७ साली ती सुरू झाली. तिच्या अनुभवावर त्याने इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १९०४ ला उघडली, १९३४ ला बंद पडली. इनमीन तीस वर्षे, आठ-नऊ मैल, दोन इंजिने. पण आज नव्वद वर्षांनीही इंग्लंडातले हौशी लोक त्या दोन इंजिनांच्या प्रतिकृती करतात, त्यांची स्टेशने पुठ्ठ्यातून उभी करतात. आणि मूळ बार्शी लाइट, जिने शंभर वर्षे पंढरीचे वारकरी वाहिले? नोकरीत असताना मी काही काळ बार्शीला होतो. त्या गाडीने पंढरपूरला गेलो आहे, छपरावरची गर्दी पाहिली आहे. तिची मापे देणारे पुस्तक मला महाराष्ट्रातल्या एकाही दुकानात मिळालेले नाही. आता तिथे ब्रॉडगेज आहे, गाड्या वेगाने जातात, ते चांगलेच झाले. प्रगतीला माझी ना नाही. पण बँकेत जुने टेबल मोडीत काढतानाही डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करून वर सही लागायची. एक अख्खी रेल्वे मोडीत काढताना घराघरांत तिची काय नोंद राहिली?

चांगली प्रतिकृती म्हणजे माझ्या लेखी अशी नोंद. छायाचित्र एका बाजूचे असते. आठवण तर मोठी लबाड, ती इंजिन दरवर्षी थोडे मोठे करत जाते. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र चौथी पायरी तिसरीपेक्षा किती वर होती हे ठरवावेच लागते.

आणि वेळ फार नाही. देशात वाफेचे राज्य संपून पिढी उलटली. ब्रॉडगेजवर वीज जवळपास सर्वत्र पोहोचली. ज्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाने माझ्या पिढीला नोकरीच्या गावी नेले, वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बांधून ज्यांची एकूण संख्या अडीच हजारांवर गेली, ती आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी दिसतात. त्यांत मोठ्या खिडक्यांची 'जम्बो' वेगळी, प्रत्येक शेडचा रंग वेगळा, पुण्याचा कोणता आणि कल्याणचा कोणता हे सांगणारे फिटर आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मी एका कार्यालयाला मोडीत निघालेल्या एका इंजिनाचा आराखडा मागितला. तीन पत्रांनंतर उत्तर आले की सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. धावत नसलेल्या इंजिनाची सुरक्षा! असो. सेवेतून गेलेल्या इंजिनांचे आराखडे माफक शुल्क घेऊन खुले करायला रेल्वेचे काय जाते, हे मला कुणीतरी समजावून सांगावे. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात अस्सल 'खेकडा' उभा आहे. तो पाहून बाहेर पडणाऱ्या मुलाला त्याची साधी पुठ्ठ्याची कातरून जोडायची प्रत मिळाली, तरी केवढे काम होईल.

पैशाबद्दल बँकवाल्याने बोलायलाच हवे. बारीक कामाचे परदेशी इंजिन जकात धरून वीस-पंचवीस हजारांच्या घरात सहज जाते. 'पुढे भाव येईल' म्हणून घेणाऱ्यांना माझा सल्ला, मुदत ठेव करा. खोके न फोडता ठेवणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यांच्याशी माझे जमत नाही. आणि शंभर इंजिने जमवणाऱ्याचाही मला हेवा वाटत नाही. एक मार्ग धरावा, एक काळ धरावा, आणि तेवढेच पुरे करावे. माझ्याकडे आज अकरा इंजिने आहेत. त्यांतली दहा परदेशी, अकरावे मी करतो आहे.

ते आमच्या शेजारचे. सरहद्दीपलीकडे गुजरातेत उमरपाडा आहे. कोसंब्याहून तिथवर गायकवाडांच्या काळातली अडीच फुटी गाडी यायची. पुढे गेज बदलायचे म्हणून ती बंद झाली. सागबारा-अक्कलकुव्याकडची कित्येक माणसे जन्मातली पहिली आगगाडी म्हणून तीच ओळखतात. आता हिशेब पाहा. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, त्याला सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. ब्रॉडगेजला जे जमत नाही ते या गरीब गाडीला जवळपास अचूक जमते. तिला पाय आखडावे लागत नाहीत.

तिच्या छोट्या डिझेल इंजिनाची लांबी-रुंदी मला जुळवता आली आहे. एका जुन्या छायाचित्रात शेजारी माणूस उभा होता, त्यावरून खिडकीची उंची काढली. डब्यांच्या दारांची रुंदी आणि बाकांची मांडणी अजून हवी आहे. उतारू सांगतात ते एकाचे एकाशी जुळत नाही. बार्शी, पाचोरा-जामनेर, यवतमाळ-मूर्तिजापूर, बिलिमोरा-वघई, उमरपाडा, यांपैकी कुठल्याही मार्गावर ज्यांचे वडील-आजोबा नोकरीला होते, त्यांनी माळ्यावरची ट्रंक एकदा खाली काढावी. कागद वाळवीने खाल्लेला असला तरी चालेल, आकडे वाचता आले म्हणजे झाले.