वीस फूटच तर खाली जायचंय!

सुट्ट्या लागल्या की सातारा, कऱ्हाड, सांगलीहून गाड्या मालवणकडे निघतात. सिंधुदुर्ग किल्ला, माशांचं जेवण, तारकर्लीचा किनारा आणि हल्ली स्कूबा. पोहता येत नसलं तरी चालेल आणि खोली जेमतेम वीस फूट, हे तिथे हमखास सांगितलं जातं. ‘वीस फूट’ ऐकून घरचेही निर्धास्त होतात. आमचा आक्षेप या निर्धास्तपणाला आहे, स्कूबाला नाही.

इटलीत नेपल्सजवळ बाया इथे रोमन श्रीमंतांचे वाडे आणि स्नानगृहं जमीन खचत गेल्याने समुद्रात गेली. २००२ पासून तिथे संरक्षित सागरी उद्यान आहे. बरेचसे अवशेष पाच-सहा मीटरवरच असल्याने नवखी माणसंही मार्गदर्शकासोबत उतरून फरशीवरची नक्षी पाहून येतात. मालवणला नक्षीऐवजी प्रवाळ आणि मासे, खोली साधारण तेवढीच. शरीराला दोन्हीकडे सारखंच सोसावं लागतं.

समुद्रसपाटीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली तो दोन होतो. तो पुन्हा दुप्पट व्हायला मात्र आणखी वीस मीटर उतरावं लागतं. म्हणजे दाबातला सगळ्यात झपाट्याचा बदल वरच्या थरातच होतो, नेमका नवख्या माणसाला नेतात तिथे. पाच मीटरवर कानाच्या पडद्यामागची हवा दोन-तृतीयांशावर येते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली, की घशाकडून हवा जाऊन दाब सारखा होतो. हे दुखायच्या आधी, दर मीटरभराला करायचं असतं. सर्दीने ती नळी बंद असेल तर जोर लावून उपयोग नाही, त्या दिवशी उतरूच नये. सर्दीची गोळी घेऊन उतरणं त्याहून वाईट, कारण पाण्यात तिचा असर ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते.

कान बरा होतो. फुप्फुसाचं तसं नाही. पाच मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि घाबरून तो रोखून वर आलं, तर ती हवा दीडपट फुगते. अशी इजा जेमतेम सव्वा मीटरवरूनही झालेली आहे. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम. दमा असलेल्यांच्या फुप्फुसात हवा अडकू शकते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. फुप्फुस पूर्वी आपोआप फुटलेलं असेल, फिट्स येत असतील किंवा गरोदरपण असेल तर नाहीच. पाण्यात शिरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या काकांनी हे ध्यानात घ्यावं.

आरोग्याचा अर्ज याचसाठी असतो. बोट सुटायची घाई असते, मागे रांग असते आणि आपण न वाचता सही ठोकतो. अर्ज इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. त्यासाठी पाच मिनिटं नसणाऱ्याकडे पाण्याखालीही तुमच्यासाठी वेळ नसेल, असं समजायला हरकत नाही.

परतीच्या वाटेचा विचार तर कुणीच करत नाही. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि नंतर हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. त्यामुळे एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं. हा सल्ला सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू आहे. आंबोली जवळपास ६९० मीटरवर, सातारा साडेसातशेच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशे! पाच मीटरवरच्या पंधरा-वीस मिनिटांत विरघळणारा नायट्रोजन थोडाच, धोकाही थोडाच. पण दुपारी बुडी आणि रात्री घाट, ही घाई कशाला? मुक्काम करा, सोलकढी प्या, सकाळी निघा.

शिवसागराखाली गेलेली गावं पाहता येतील का, असंही कुतूहल असतं. कोयना भरलं की पाणी २१६३ फुटांवर असतं. उतरायचं ते मुळातच उंचावर, वर गढूळ अंधार आणि बुडालेली झाडं. ते नवख्याचं काम नव्हे.

वर आल्याबरोबर छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर लगेच ऑक्सिजन आणि रुग्णालय. दिवसभरात सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, तर घरी पोहोचल्यावरही डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘काल स्कूबा केलंय.’ ते न सांगितल्यास प्रवासाचा शीण म्हणून गोळी मिळेल, आणि मधला वेळ फुकट जाईल.