अंतोनियोचे कागद खरे होते

'अमिस्टाड'ची गोष्ट निघाली की स्पीलबर्गचा चित्रपट आठवतो आणि शेवटी न्याय झाला म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पुरेसं वाटत नाही.

१८३९ च्या जूनमध्ये हवानाहून निघालेल्या या जहाजावर ५३ आफ्रिकी कैदी होते, बहुतेक आजच्या सिएरा लिओनमधल्या मेंडे मुलखातले. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला स्पेनने १८२० पासून बंदी घातलेली. म्हणून त्यांना स्पॅनिश नावं देऊन, ते क्युबाचेच जुने गुलाम असल्याचे खोटे कागद केले गेले. सेंगबे पिए कागदावर 'होसे' झाला. त्याच्याच पुढाकाराने कैदी साखळ्यांतून सुटले. कप्तान आणि स्वयंपाकी मारले गेले. जहाज आफ्रिकेला न्यायचं ठरलं, पण सुकाणूवरचा स्पॅनिश मालक रात्री गुपचूप दिशा बदलत राहिला. ऑगस्टमध्ये अमेरिकी नौदलाने सगळ्यांना पकडलं.

आता हे लोक कुठले, हे सिद्ध कसं करणार? त्यांची भाषा कुणालाच येईना. प्राध्यापक जोसाया गिब्ज त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले आणि ते म्हणत न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर फिरले. जेम्स कोव्ही या खलाशाने ते ओळखले. लहानपणी तोही पळवला गेला होता. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या मला या खटल्यातला सगळ्यात मोठा माणूस गिब्जच वाटतो, अ‍ॅडम्स नव्हे.

७३ वर्षांचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स सर्वोच्च न्यायालयात या लोकांच्या बाजूने उभे राहिले आणि मार्च १८४१ मध्ये ते सुटले. पण कशाच्या आधारावर? माणूस विकणं पाप आहे म्हणून नव्हे. कागद खोटे निघाले म्हणून!

त्याच जहाजावर अंतोनियो होता, मेलेल्या कप्तानाचा पोरगेला नोकर. तो स्पॅनिश कायद्याने रीतसर गुलाम. त्याला कप्तानाच्या वारसांकडे परत पाठवा, असा खालच्या कोर्टाचा हुकूम झाला आणि तो तसाच राहिला.

हजरत अबू बक्र (र.) यांनी किंमत मोजून हजरत बिलाल (र.) यांना सोडवलं, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मक्केच्या रिवाजात त्या मालकाचा हक्कही वैधच होता, हे मात्र सांगायचं राहून जातं.

अंतोनियो आधी परत जायला तयार होता. पुढे त्याचं मन बदललं. गुलामीविरोधी कार्यकर्त्यांनी कोर्टाचा हुकूम बाजूला ठेवून त्याला गुपचूप कॅनडात, माँट्रियलला पोहोचवलं. वाचलेले ३५ जण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वर्गणीच्या पैशांवर, आफ्रिकेला निघाले.