गावाचे कॅलेंडर संस्थेच्याच ताब्यात हवे

भोर आणि वेल्ह्यात सार्वजनिक कामाच्या तारखा सगळ्यांपर्यंत पोहोचवणे सोपे नाही. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे अशी डोंगररांगांनी विभागलेली वस्ती. यात्रा तिथीवर, ग्रामसभा १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सुमारास, बचत गटाची बैठक बायकांच्या सवडीने. आणि भातलावणी लागली की बाकी सगळे मागे पडते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांना तारीख वेळेत कळली तरच रजा टाकता येते. म्हणून यात्रा कमिट्यांनी, मंडळांनी, गडसंवर्धन करणाऱ्या गटांनी सामायिक ऑनलाइन कॅलेंडर ठेवणे गरजेचे आहे. मात्र ते दिसते कसे, यावर निवड करू नये. ते संस्थेच्या ताब्यात राहते का आणि उद्या दुसरीकडे न्यायचे ठरले तर सगळ्या नोंदी सोबत नेता येतात का, हे आधी पाहावे.

नोंदी नेण्या-आणण्यासाठी आयकॅलेंडर हा खुला साचा १९९८पासून उपलब्ध आहे. गूगल कॅलेंडर घ्या किंवा नेक्स्टक्लाउड, दोन्हींतून या साच्यातली फाइल उतरवता येते. ही सोय नसलेला पर्याय फुकट मिळाला तरी नाकारावा. खाते एखाद्या उत्साही तरुणाच्या खासगी ईमेलवर उघडू नये. तो नोकरीसाठी बाहेर पडला की गावाच्या नोंदी त्याच्या पासवर्डमागे अडकतात. पाहण्यासाठी लॉगिन लागू नये, बदल करण्याचा अधिकार दोघा-तिघांकडेच असावा. तिथीचे भान तर हवेच. चैत्र पौर्णिमा २०२४मध्ये २३ एप्रिलला, २०२५मध्ये १२ एप्रिलला आणि २०२६मध्ये २ एप्रिलला. यात्रेची नोंद ‘दरवर्षी त्याच तारखेला’ अशी केली, तर पुढच्याच वर्षी पाहुणे चुकीच्या दिवशी येतील. पंचांग पाहून नवी तारीख कोण टाकणार, हे कमिटीने आधीच ठरवावे.

व्हॉट्सअ‍ॅप असताना हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. निरोप पोहोचवायला व्हॉट्सअ‍ॅप उत्तमच. पण बैठक पुढे ढकलली तरी जुना निरोप फिरतच राहतो आणि कोणता खरा हे कळत नाही. कॅलेंडरात तारीख एकाच जागी बदलते; व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा दुवा पाठवावा. डोंगरात रेंज नसते आणि ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नसतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणजे महिन्याचे पान छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि दूध डेअरीत लावणे. म्हणजे नीट छापता येणे हीसुद्धा निवडीची अट ठरते. निर्णयाआधी दहा नोंदी टाकून पाहा, फाइल उतरवून दुसऱ्या कॅलेंडरात चढवा आणि पान छापा. हे सगळे कमिटीतल्या दोघांना कुणाच्या मदतीशिवाय जमले, तरच ते कॅलेंडर घ्या.