ध्यान आणि पेशींचे वय

मा. संपादक,


‘ध्यानाने पेशींचे वय उलटे फिरते हे विज्ञानाने सिद्ध केले’ हे आपल्या लेखातील विधान पुराव्याच्या फार पुढे गेले आहे. अशा दाव्यांमागचा २०११ सालचा अमेरिकी अभ्यास नीट वाचावा. नोबेल विजेत्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न त्याच्या सहलेखिका होत्या. तीन महिन्यांच्या शिबिराअखेर ३० साधकांच्या पांढऱ्या पेशींत टेलोमरेझ, म्हणजे गुणसूत्रांची झिजणारी टोके भरून काढणारे विकर, तुलनेच्या गटापेक्षा सुमारे एकतृतीयांश अधिक सक्रिय आढळले. निष्कर्ष विकराचा आहे, टोके लांबल्याचा नाही. शिवाय शिबिरापूर्वी हे विकर मोजलेलेच नव्हते. मग वय मागे गेले हे कशावरून ठरवायचे? ताण कमी झाल्याने झीज मंदावत असेल, ही शक्यता रास्त आहे; पण ती शक्यताच आहे.

ध्यान निरुपद्रवी आहे, थोडे वाढवून सांगितले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते. असे वाचून शिरपूर-चोपड्याकडचा एखादा वाचक रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करतो. आपल्या परंपरेला पाश्चात्त्य मोजपट्टी कशाला, हा आक्षेप तर खानदेशात टिकूच नये. अमळनेरला शिक्षणकार्य केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढले, ते योगक्रिया क्ष-किरणांनी आणि उपकरणांनी तपासण्यासाठीच.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, धुळे